दोनशेचा रोल

माझ्या मुलीने परवा रोलवर चालणारा एक जुना कॅमेरा विकत घेतला. हल्ली मुलांना त्याचं पुन्हा वेड लागलंय म्हणतात. दुकानात उभी राहून तिने मला फोन केला, "आई, रोल शंभरचा घेऊ, दोनशेचा घेऊ की चारशेचा?" कशासाठी हवाय, असं मी विचारलं. "कशासाठी असं काही नाही गं. रोजचं काढायला." मी लगेच सांगितलं, दोनशे. तिला वाटलं, आईने सुटकेसाठी मधला आकडा सांगून टाकला. पण मी कॉलेजात होते त्या वर्षी राखी पौर्णिमेपासून भाऊबीजेपर्यंतचे दिवस या एकाच प्रश्नात घालवले होते. त्या दिवसांबद्दल मी आजवर कुठे काही लिहिलेलं नाही, आणि घरात ते आठवणारी आता मी एकटीच आहे.

आमचं घर वाशीमजवळच्या शिरपूरला, मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत. सकाळी यात्रेकरूंच्या गाड्यांचे हॉर्न, मग पिठाच्या गिरणीचं पुक-पुक, मग वाशीमच्या बसचा तो लांबलचक हॉर्न, जो ऐकला की मी चहा अर्धा टाकून कॉलेजला पळायची. घर कवेलूंचं, म्हणजे कौलारू. स्वयंपाकघर मागच्या बाजूला, तिथे एकच लहान खिडकी, ती पण गोठ्याकडे उघडणारी. भिंती पांढऱ्या मातीने पोतारलेल्या, पण चुलीमागची भिंत धुराने काळी झालेली. त्या खोलीत दिवसाही डोळे सरावायला वेळ लागायचा. पलीकडच्या घरात मोठी आई, म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. मधे कमरेएवढी भिंत होती आणि त्या भिंतीवरून वाटीभर ताक, विस्तव, भांडणं आणि चेष्टा सगळं इकडून तिकडे जायचं. मोठ्या आईचा आवाज असा, की तिला भिंतीजवळ यायचीही गरज नसे.

राखीला आईच्या माहेराहून, धनजहून, माझे मामा आले ते गळ्यात कॅमेरा अडकवून. मामा एरवी पुण्याला एका कारखान्यात असत, सणाला गावी येत. तिथल्या कोणाकडून त्यांनी तो घेतला होता. सगळं हाताने करायचं, अंतराचं कडं फिरवायचं, उजेडाचं कडं फिरवायचं. आत उजेड मोजणारा काटा नव्हता. मामांना त्याचा कंटाळा आला असावा. मला आकड्यांची हौस आहे हे त्यांना माहीत होतं. ते म्हणाले, "तू ठेव वं भाऊबीजेलोक. तवा आलो का घेऊन जाईन." बाबांनी फक्त एवढं विचारलं, "घरात कोणाचं लग्न हाय का?" कारण बाबांच्या मते फोटो कार्यक्रमाचा असतो. लग्न, बारसं, गावात कोणी मोठा माणूस आला तर. ज्वारीच्या कणसाचा किंवा भांडी घासणाऱ्या बाईचा फोटो काढणं म्हणजे त्यांना रिकामं जातं फिरवल्यासारखं वाटे.

आणि फोटोचा एक रिवाजही होता. फोटो काढायचा म्हटलं की माणूस हातातलं काम टाकून तोंड धुवायला जायचा. पावडर लागायची, घडीचं लुगडं निघायचं, हात गुडघ्यांवर यायचे आणि तोंड कुलूप लावल्यासारखं बंद व्हायचं. माझ्या आईचे त्या वेळपर्यंत दोनच फोटो होते. एक तिच्या लग्नातला, त्यात पदराखाली फक्त हनुवटी दिसते. दुसरा मतदानाच्या ओळखपत्रावरचा, त्यात ती कोणीतरी जोरात ओरडल्यासारखी डोळे मोठे करून बसली आहे. दोन्हींत आई नव्हती. आई म्हणजे काय, तर हसू आलं की ओठांचा डावा कोपरा दाबून चुलीकडे बघणारी बाई. घरात सासरे असताना लागलेली सवय असेल, पण ते गेल्यावरही ती राहिली. मला तो चेहरा हवा होता. मामा कॅमेरा घेऊन जायच्या आत, एक तरी. हे मी कोणाला सांगितलं नाही. आईला सांगितलं असतं तर ती तोंड धुवायला गेली असती.

वाशीमच्या स्टुडिओत काउंटरमागे बसणारे गृहस्थ मोठे उत्साही होते. "शंभरचा न्या. समदे तोच नेतात. लग्नाले तोच, वाढदिवसाले तोच." चारशेचा त्यांच्याकडे नव्हता, अकोल्याहून मागवावा लागे. रोलच्या डबीत एक घडी केलेला कागद असायचा. त्यावर सूर्य, ढग, घराची सावली अशी लहान चित्रं आणि प्रत्येकासमोर आकडे. स्टुडिओवाल्यांनी रिकाम्या डब्यांतले तीन-चार कागद मला दिले आणि मी ते बसमध्ये वाचत आले. हिशेब सोपा होता. शंभरच्या रोलला जेवढा उजेड लागतो त्याच्या निम्मा दोनशेला, आणि त्याच्याही निम्मा चारशेला. शंभरच्या फोटोतले ठिपके, म्हणजे दाणा, बारीक, फोटो रेशमासारखा, पण स्वयंपाकघरात तो लावला तर कॅमेऱ्याची झडप, म्हणजे शटर, इतका वेळ उघडी ठेवावी लागेल की आईचे हात धुक्यासारखे येतील. चारशेचं अंधारात निभेल, पण दाणा जाड, आणि आमच्याकडच्या गरमीत तो लवकर खराब होतो असंही कागदावर होतं. एकाच दिवशी, एकाच कामासाठी रोल वापरायचा असता तर निवड करणं सोपं होतं. पण आमच्याकडे एक रोल भरला की तो दीड-दोन महिने कॅमेऱ्यात राहणार. त्यातच शेतातलं ऊन यायचं, ओसरीतली सावली यायची आणि चुलीपाशी बसलेली आईही यायची. मधेच रोल बदलता येत नाही.

हे मी घरी जेवताना सांगत होते. अंबाडीची भाजी होती, ज्वारीची भाकर, वर कच्चं तेल आणि ठेचा. बाबा म्हणाले, "रोल म्हणजे रोल. त्यात शंभर काय न दोनशे काय? हे बैलाचे दात मोजल्यासारखं कायले करून राह्यली?"

"बाबा, चाळणीसारखं आहे ते," मी म्हणाले. "बारीक चाळणीतून पीठ छान निघतं, पण वेळ लागतो. मोठ्या भोकांच्या चाळणीतून चटकन पडतं, पण भरड."

आई तव्यावरची भाकर उलटत होती. वर न बघता म्हणाली, "मंग मधली घे न. रोजच्या भाकरीले मधलीच लागते. बारीक चाळणी म्या दिवाळीशिवाय काढली का कधी?"

मला त्या क्षणी उत्तर मिळालं. ते कोणासाठी हवं आहे, हे उत्तर देणारीला माहीत नव्हतं, याची मला मनातून गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी मी दोनशेचा, छत्तीस फोटोंचा रोल आणला. मग कोणत्या कंपनीचा हा प्रश्न होताच. एक लाल रंग खुलवायची, दुसरी हिरवा. आईची रोजची लुगडी हिरवी असत, पण चेहऱ्याचा रंग बरोबर यायला हवा होता, म्हणून मी पहिली घेतली. हे बरोबर होतं की नाही, ते मला आजही माहीत नाही.

आता उजेड. स्वयंपाकघराच्या छपरात बाबांनी एक काचेचं कवेलू बसवलेलं होतं. पावसाळा सरत आला की सकाळी त्यातून उन्हाची एक पट्टी खाली उतरायची, आधी रांजणावर, मग जमिनीवरून सरकत चुलीकडे. आईच्या अंगावर ती थेट पडत नसे. पण बसचा हॉर्न वाजायच्या जरा आधी ती पट्टी परातीत यायची, पिठावर. ज्वारीचं पांढरं पीठ एकदम उजळायचं आणि त्याचा उजेड खालून आईच्या तोंडावर पडायचा. एखाद्या स्टुडिओतही असा दिवा नसेल. पाच-सात मिनिटं तो राहायचा आणि मग पट्टी पुढे जायची. उजेडाचं कडं पूर्ण उघडं ठेवलं, झडप साठावर, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागावर ठेवली, तर दोनशेच्या रोलला तेवढा उजेड पुरेल असा माझा हिशेब होता. रंगीत निगेटिव्हला उजेड थोडा जास्त झाला तर ते सांभाळून घेतं, कमी पडला तर घेत नाही, एवढं मला कळलं होतं. म्हणून कमी पडू द्यायचा नव्हता.

पोळ्यापासून मी रोज कॅमेरा घेऊन दारात बसू लागले. आईला सवय व्हावी म्हणून नुसतीच बसायची, अंतर मोजून ठेवायची. मोठी आई भिंतीपलीकडून विचारायची, "काय वं पोट्टे, फोटो काढून राह्यली का भाकरी मोजून राह्यली?" ढगाळ दिवस वाया गेले. एक सकाळ उन्हाची आली तर त्या दिवशी नेमक्या पाहुण्या आल्या आणि आई पदर सावरून बसली. आणि मग एका सकाळी सगळं जमून आलं. पीठ उजळलेलं होतं. बाहेर बाबा म्हशीला गोठ्यातून ओढत होते आणि म्हैस पाय रोवून उभी होती. बाबा तिला समजावत होते, मग धमकावत होते, मग पुन्हा समजावत होते. भिंतीपलीकडून मोठ्या आईचा आवाज आला:

"भाऊजी, तिले बी लग्न करून आणली का तुमी? नाई नं? मंग ते कायले ऐकते!"

आईने ओठांचा कोपरा दाबला आणि परातीकडे पाहिलं. मी बटण दाबलं. त्या आवाजाने तिने मान वर केली.

"काढला काय वं? असा? केस बी नाई इंचरले म्या!"

"नाही गं, अजून नाही," मी म्हणाले. बस चुकली त्या दिवशी. मला त्याचं काही वाटलं नाही. मी पिठल्याबरोबर दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

आलं की नाही, हे रोल संपून धुतल्याशिवाय कळणार नव्हतं. आता फोनवर लगेच दिसतं, आणि त्यामुळे मुलांना त्या दिवसांतलं गोड ओझं कसं कळेल, मला सांगता येत नाही. खिशात एक बी घेऊन फिरावं तसं मी ते घेऊन फिरत होते. त्यानंतरही मी रोजचं काढत राहिले. बाबांनी एकदा सायकलची चेन बसवताना मला कॅमेरा रोखलेलं पाहिलं आणि काम तसंच चालू ठेवलं, म्हणजे तेही सरावले होते.

मग दसरा आला. दसऱ्याला अवजारांची पूजा होते, हे सगळीकडचंच. वखर, तिफण, विळे, कुऱ्हाड, तराजू, सगळं धुऊन ओसरीत मांडायचं. पण आमच्या आईचा एक स्वतःचा नियम होता. वरवर कुंकू लावणं तिला पटत नसे. जिथे काम होतं तिथे कुंकू लागलं पाहिजे, असं ती म्हणायची. विळ्याच्या मुठीला नाही, धारेला. जात्याची वरची तळी उचलून आतल्या दगडाला. शिलाई मशीनची पट्टी सरकवून, जिथे दोरा फिरतो तिथे. मी सकाळी मोठ्या आईबरोबर झेंडूची फुलं आणायला गेले होते. परत आले तर ओसरीत, उन्हात, तराजू आणि मशीन यांच्यामध्ये पाटावर मामांचा कॅमेरा ठेवलेला. त्याचं मागचं दार सताड उघडं. आत रोलच्या चकचकीत पट्टीवर ओल्या कुंकवाचं एक व्यवस्थित बोट.

माझ्या हातातली फुलं खाली पडली असतील, मला आठवत नाही. मी धावत जाऊन दार बंद केलं. आई दचकली.

"काय झालं वं?"

"आई, कधी उघडलंस हे?"

"आताच. तू आली तवा. याचं काम आतच होते नं? बाहेरून कुंकू लावून त्याले काय समजन?"

तिचा नियम तिच्या परीने बरोबरच होता. मी एवढंच म्हणाले, की आतल्या पट्टीने उजेड पाहिला की चित्रं पुसली जातात. आईचा चेहरा उतरला. कुंकवाचं बोट तसंच हवेत ठेवून ती म्हणाली, "म्हंजे म्या समदे पुसले?"

बाबा शेताकडे निघाले होते, ते थांबले. "असू दे न. आधी देवानं पाह्यले. आपण मागून पाहू." मोठी आई हसली, मी पण हसले, पण आई हसली नाही. दिवसभर तिने मला दोन-तीनदा विचारलं, किती होते, कोणाकोणाचे होते. तिचा स्वतःचा त्यात आहे, हे मी तेव्हाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिला जास्तच लागलं असतं.

दुपारी मी शांतपणे विचार केला. काढलेले फोटो एका फिरकीवर गुंडाळले जातात. शेवटी काढलेला सगळ्यात वर, आधीचे खाली दाबलेले. उजेड वरच्या वेढ्यांना लागणार, आणि आतल्यांना कडेकडेने. जो भाग अजून डबीतच होता, त्याला काहीच झालेलं नाही. आईचा फोटो मधला होता. मधला म्हणजे वाचला की गेला, हे आकड्यांनी सांगता येत नव्हतं. मी उरलेला रोल सोयाबीनच्या सोंगणीत, म्हणजे कापणीत, संपवला आणि वाशीमला दिला. स्टुडिओवाले म्हणाले, "उजेड पाह्यलेला रोल धुवून काय भेटते ताई? नवा न्या." मी म्हणाले, धुवाच. आणि चेहरे गोरे करू नका, आहेत तसे ठेवा. यावर ते फारच दुखावले. रोल धुवायला अकोल्याला गेला.

दिवाळीच्या तोंडावर पाकीट आलं. मी ते बसमध्ये उघडलं, घरापर्यंत धीर निघाला नाही. दसऱ्याआधीचे शेवटचे पाच-सहा नुसतेच पांढरे फटक. त्याआधीच्यांवर आगीचे लोळ आल्यासारखे नारिंगी पट्टे, त्यांतून कुठे सायकलचं चाक, कुठे बाबांचा हात. मग पट्टे आखूड होत गेले. आणि मग आई. डाव्या कडेला नारिंगी उजेडाची एक जीभ आली होती, जणू चूलच जरा मोठी पेटली आहे. बाकी सगळं जागच्या जागी. परातीतलं पीठ, खालून उजळलेला चेहरा, दाबलेला ओठाचा कोपरा. दाणा जरा दिसत होता, पण बेताचा. मी ते पाकीट मांडीवर ठेवून शिरपूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "निकाल लागला काय वं?"

घरी आईने फोटो हातात घेतला आणि नाक मुरडलं. "शी वं! चुलीपाशी? लुगडं बी फाटकं." पण वाचला म्हणून तिला हायसं वाटलं, ते दिसलं. बाबांनी तो बराच वेळ पाहिला आणि आरशाच्या कडेला खोचून दिला. कार्यक्रमाशिवायचा तो आमच्या घरातला पहिला फोटो.

भाऊबीजेला मामा आले. हातपाय धुऊन पंच्याने तोंड पुसत आरशापाशी गेले आणि तिथेच उभे राहिले.

"शांते," त्यांनी आईला हाक मारली. "हा मायचा फोटो तुले कोठून भेटला?"

"कोणाचा?"

"आपल्या मायचा. आपल्या घरी तं तिचा फोटोच नव्हता."

आई ओवाळणीचं ताट घेऊन बाहेर आली. "दादा, डोळे तपासून घ्या. मीच हाय ते. तुमच्याच भाचीनं काढला, माह्या फाटक्या लुगड्यात."

मामांनी फोटो काढून खिडकीपाशी नेला, बांगड्या पाहिल्या, परात पाहिली. मग खाली बसले. "हाव, तूच हाय," ते म्हणाले. "पण हे तोंड तिचं हाय. बाबा काही बोलले का ते अशीच करे. कोपरा दाबून चुलीकडं पाहे. मी शाळेतून येवो तवा अशीच बसून राहे."

धनजची माझी आजी गेली तेव्हा आई रांगत होती आणि मामा शाळेत जात होते. आजीचा एकही फोटो नव्हता. ती कशी दिसायची, हे आईला कोणी कधी दाखवू शकलं नव्हतं. आईने ताट खाली ठेवलं. दिव्यात तेल कमी पडून वात तडतडू लागली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"माह्यासारखी काळी होती का ते?"

"तुह्यापेक्षा जरा उजळ."

"अन नाक?"

"नाक नाई. नाक बाबाचं आलं तुले, आमच्या नशिबानं."

आई हसली. पुन्हा फोटो घेतला, उजेडात धरला, जरा लांब धरला. आपला स्वतःचा चेहरा इतकं निरखून बघताना मी कोणालाही पाहिलं नाही. मग तिने मामांना ओवाळलं, आधी तेल घालून. जेवणं झाली. मामा निघताना कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "राहू दे इथंच. मले कारखान्यात कोणाचे फोटो काढा लागते?" आणि त्या फोटोची एक प्रत मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने मला हाक मारली. पाडव्याच्या नव्या लुगड्यात ती चुलीपाशी बसली होती, केस विंचरलेले, परात पुढ्यात. उन्हाची पट्टी पिठावर आली होती. "रोल हाय का त्याच्यात?" तिने विचारलं. होता, दोनशेचाच. "मंग काढ." तिने ओठांचा कोपरा दाबला आणि श्वास रोखून परातीकडे पाहिलं. मी एक काढला. "आणखी काढ," ती म्हणाली. मी तीन काढले.

ते अकोल्याहून धुऊन आले, तेव्हा आम्ही दोघी ओसरीत बसून बघितले. तिन्ही फोटो अगदी स्पष्ट, बांगड्यांची नक्षीसुद्धा मोजता यावी इतके. तिन्हींत आईच होती. आजी एकातही आली नव्हती. आईने ते एकावर एक ठेवले, काठ जुळवले आणि माझ्या हातात परत दिले.

"मले काही समजू देऊ नको," ती उठताना म्हणाली. "मी आपली कामात राहीन. तू काढत राह्य."